पहिल्या विमानाची अट

सेंट व्हिन्सेंट बेटावर आर्गाइलला मोठा विमानतळ बांधायचं ठरलं, तेव्हा विमानं उभी करायची जागा नेमकी आयान्थीच्या घरावर आली. शेजारपाजारचे एकेक करून उठले. आयान्थी नीरफणस सोलत पायरीवर बसून राहिली.

समजूत घालायला ओस्बर्ट नावाचा सरकारी अधिकारी आला.

"मावशी, वर टेकडीवर नवं घर मिळतंय. समुद्र दिसेल."

"समुद्र इथूनही दिसतो. मला बहीण दिसायला हवी. पहिल्या विमानातून एल्मा येणार असेल तर उठते."

एल्मा तीस वर्षांपूर्वी टोरांटोला गेली ती गेलीच. बेटावरच्या जुन्या, आखूड धावपट्टीवर मोठं विमान उतरत नसे. बार्बाडोसला उतरायचं, ताटकळायचं, मग छोट्या विमानात चढायचं. एल्माचे गुडघे त्याला राजी नव्हते, आणि आयान्थी बोटीपलीकडे कशातच बसायला राजी नव्हती.

"तुमच्या बहिणीचं मी कसं ठरवणार?" ओस्बर्ट म्हणाला.

"मग माझ्या स्वयंपाकघराचं कसं ठरवलंस?"

ओस्बर्टने एल्माचा नंबर लिहून घेतला. फोनवर एल्मा म्हणाली, "येईन की. आधी बांधा तर." तेवढ्यावर आयान्थीने घर सोडलं.

काम मात्र रखडत गेलं. डोंगर कापले, नदीवर भराव घातला, निवडणुका झाल्या. दर नाताळात ओस्बर्ट न चुकता टोरांटोला फोन लावी.

"येणार ना, बाई?"

"मी केव्हाची तयार आहे. तुमचंच काही खरं नाही."

अखेर नवव्या वर्षी, फेब्रुवारीत, टोरांटोहून पहिलं विमान उतरलं. अर्धं बेट कुंपणाला चिकटून उभं होतं. ओस्बर्टने खटपट करून आयान्थीला थेट शिडीपाशी नेलं. एल्मा जाडजूड कोट घालून, घामाने निथळत, एकेक पायरी उतरली. दोघींनी एकमेकींना घट्ट धरलं.

मग एल्माने इकडेतिकडे पाहिलं. "आपलं घर कुठे गं?"

"त्यावरच उभी आहेस."

एल्माने झटकन पाऊल उचललं, आणि दोघी इतक्या हसल्या की मागचे प्रवासी शिडीवर खोळंबले. ओस्बर्टने पुढे होऊन एल्माची बॅग घेतली.

"फोन करणारा तो तूच का?" एल्मा त्याला न्याहाळत म्हणाली. "आवाजावरून मला वाटलं होतं, चांगला उंचपुरा असशील."