बिनदुधाचं विरजण

माझी एक जुनी खोड आहे. कागद हातात पडला की मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय मला राहवत नाही. मी सातवी पास. आमच्या गावात तेव्हा एवढं शिकलेले तिघंच, आणि त्या तिघांत आवाज माझा मोठा. या खोडीपायी छप्पन साली मी माझ्या पाखऱ्याला हकनाक मारणार होतो.

त्या चैत्रात किन्हीराजा गावाच्या बाजूनं बुळकांडी सरकत येत होती. ज्यांनी हा रोग पाहिला नाही ते नशिबाचे. गुराच्या डोळ्यांना पाणी लागतं, तोंडात छाले येतात, मग पातळ शेण, आणि आठवड्यात गोठा रिकामा. शेजारच्या गावात अकरा गुरं गेली होती. माझी बैलजोडी एकच, पाखऱ्या आणि ढवळ्या. एक जरी गेला असता तरी माझं वावर त्या साली पडीक राहिलं असतं.

अशात सरकारी लस टोचणारे उदयसिंग सायकलवर आले. थर्मासात बर्फ, बर्फात काचेच्या कुप्या. आम्ही आदल्या दिवशीच खोडा रोवून ठेवला होता, म्हणजे जनावराची मान अडकवायची दोन लाकडं. उदयसिंगांनी कुप्या फोडल्या, लस पाण्यात कालवली, मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि सांगून टाकलं, की आता दोन तास. त्यानंतर ही लस मातीमोल. पुढची खेप पंधरा दिवसांनी. बुळकांडी काही पंधरा दिवस वेशीवर बसून राहणार नव्हती.

आणि तेवढ्यात रामराव आले. हे मंगरूळपीरला एका वैद्याकडे पुड्या बांधत, आणि गावात त्यांचा शब्द चाले. त्यांनी शांतपणे सांगितलं, की बुळकांडीचा जंतू आजपर्यंत कोणी वेगळा काढलेलाच नाही. जो काढलाच नाही त्याची लस कशी होईल? हा बोकडाच्या अंगातला रस आहे, दुसरं काही नाही. आणि हे मी म्हणत नाही, सरकारनंच लिहून दिलंय.

कागद त्यांनी माझ्या हातात दिला. द्यायलाच नको होता. मी खोड्यावर चढलो आणि वाचलं, "सदर जंतू निव्वळ स्वरूपात वेगळा केल्याबाबतचा कागद या कचेरीत नाही." खाली सही, शिक्का. लोक "आं?" करून पाहू लागले, तसा मला चेव आला. मी पुन्हा वाचलं, आणखी मोठ्यानं.

मग काय, दावी सुटली. पाच मिनिटांत गुरांनी भरलेलं मैदान अर्धं रिकामं झालं. मी स्वतः पाखऱ्याला खालच्या वावरात नेऊन बांधला आणि पुढची गंमत पाहायला परत आलो. ढवळ्याचा कासरा मात्र माझ्या बायकोनं, गोजरानं, सोडला नव्हता. ती खोड्यापाशी तशीच उभी. उदयसिंग घड्याळाकडे पाहत होते. एक तास उरला होता.

गोजरानं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"रामरावभाऊ, तुमच्या घरी दही लावतात ना?"

"लावतात की."

"मंग मले चमचाभर इरजण द्या. पण त्यात दूध नको, दही नको, पाणी नको. निस्तं इरजण."

रामराव हसले. असं विरजण कुठं असतं का बाई, म्हणाले.

"नसते ना? मंग आपल्या गावात आजलोक दही लागलंच नाही म्हना."

दोघं-तिघं हसले. रामराव म्हणाले, दह्याची गोष्ट वेगळी. गोजरा माझ्याकडे वळली.

"अवं, तुमी जबाब वाचला. सवाल कुठी हाय?"

सवाल त्याच कागदामागे टाचलेला होता, रामरावांच्या अक्षरात. मी तो उलटून पाहिलाच नव्हता. आता सगळ्यांदेखत वाचावा लागला. ज्यात रक्त, मांस, पाणी किंवा इतर कशाचाही कण नाही असा निव्वळ जंतू बैलाच्या अंगातून थेट काढल्याचा कागद आपल्याकडे आहे काय? शब्दागणिक माझा आवाज बसत गेला. कचेरीतल्या कारकुनानं खरं तेच लिहिलं होतं. मागणाऱ्यानं मागितलं होतं बिनदुधाचं विरजण!

तांड्यावरचा म्हातारा लखीराम पुढं झाला. त्याच्या बापजाद्यांची हयात लदणीचे, म्हणजे पाठीवर ओझं वाहणारे बैल हाकण्यात गेलेली. त्यानं उदयसिंगांना सरळ विचारलं, की मग त्यात जंतू आहे हे तुम्हाला कळलं कसं?

उदयसिंगांचा चेहरा असा खुलला, की याच सवालाची ते सकाळपासून वाट पाहत असावेत. ते भराभर सांगू लागले. आजारी बैलाचं पातळ केलेलं रक्त इतक्या बारीक गाळणीतून काढतात, की भिंगाखाली दिसणारे सगळे जंतू वरच अडकतात. तरी ते गाळलेलं पाणी टोचलं की चांगला बैल पडतो. त्याच्यापासून तिसरा, तिसऱ्यापासून चौथा. नुसतं विष असतं तर दरवेळी पातळ होत संपलं असतं. हे वाढतं.

"इरजणावानी," गोजरा म्हणाली.

"अगदी तसंच, बाई. तोच जंतू बोकडाच्या अंगात वाढवून नरम केला की ही लस होते. आणि निरोग्या बोकडाचा रस टोचला तर त्या बैलाले बुळकांडी लागते. या लशीच्या बैलाले लागत नाही. दोन्ही आजारी बैलासंगं एका गोठ्यात बांधून पाह्यले हायत."

लखीरामनं मांडीवर थाप मारली. "बुळकांडीतून उठलेला बैल पुन्हा त्या रोगानं मरत नाही. आमचे आजे तसाच बैल पाहून लदणीले घेत." आणि त्यानं आपली गाय खोड्यात घातली.

मग जी धावपळ उडाली! पोरीबाळी गुरं हाकत परत आल्या, कोणी शेपटी धरली, कोणी शिंगं. धुळीत माणूस दिसेना. चाळीस मिनिटं. तीस. गोजरानं ढवळ्याला टोचून घेतलं आणि मला नुसतं विचारलं, पाखऱ्या कुठं आहे.

मी पळालो. वहाण सुटली ती सुटलीच. येताना पाखऱ्या पुढं आणि मी मागं. खोड्यापाशी पोचलो तर पुढं एकच जनावर उभं, रामरावांची गाय, आणि कासरा खुद्द रामरावांच्या हातात. उदयसिंग म्हणाले, चार मिनिटं. रामरावांनी माझ्याकडे पाहिलं नाही. गाय बाजूला घेत ते एवढंच म्हणाले, "तू घाल पह्यले."

पाखऱ्याला टोचलं, मग त्यांच्या गाईला. उरलेली लस उदयसिंगांनी मातीत ओतली.

एकोणिसाव्या दिवशी एक भटका सांड आमच्या हौदावर पाणी पिऊन तिथंच पडला. बुळकांडीच. आम्हाला कळेपर्यंत पाखऱ्या त्याच्या मागोमाग त्याच हौदात तोंड घालून आला होता. त्यानंतर मी रोज सकाळी पाखऱ्याचा जबडा उघडून छाले शोधायचो. जेवण जाईना. तेराव्या सकाळीही तोंड स्वच्छ होतं आणि तो कडबा ओढत होता. गोजरा मागं येऊन उभी राहिली.

"सोडा आता त्याले. तोंडात काय कागद हाय का वाचाले?"

मी पाखऱ्याच्या गळ्यात पडून रडलो.