खोटा काटा

"ते आधी बंद कर," बाबा म्हणाले.

"बंदच आहे बाबा, यात सेलच नाहीत." मी रक्तदाबाचं मशीन उलटं करून त्यांना रिकामी खाच दाखवली. "आता सांगा, हवा कुठून भरणार?"

त्यांनी खाच पाहिली, मान हलवली, पण कान कपाटाकडेच. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून दुपारी घर शांत झालं की बाबांना, माझ्या सासऱ्यांना, कपाटातून मशीनच्या पट्ट्यात हवा भरल्याचा आवाज यायचा. आधी घुर्र, मग थांबून फुस्स. भुताखेतांवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. तरी त्या कपाटाजवळून जाताना ते समोरची भिंत धरून जायचे. खरं सांगते, एकदोनदा मलाही तो आवाज आला, आणि मी काम नसताना बाहेर जाऊन उभी राहिले.

बाबांनी जन्मभर सरकारी नोकरीत दुकानदारांचे वजनकाटे तपासले. मोठमोठ्या दुकानदारांची त्यांना पाहून पाचावर धारण बसायची. त्यांचा नियम एकच. तोच माल लागोपाठ तीनदा ठेवा, तीन वेगळी वजनं आली तर काटा खोटा. याच नियमानं त्यांनी हे मशीनही निकालात काढलं होतं. आईंच्या दंडाला लावलं की दर वेळी आकडा वेगळा, आणि पडद्याच्या कोपऱ्यात हृदयाचं चित्र लुकलुकायचं. बाबांनी सेल काढून घेतले आणि ते कपाटात टाकलं. पुढच्याच महिन्यात आई स्वयंपाकघरात कोसळल्या. वाचा गेली, अर्धं अंग गेलं, मग त्याच गेल्या. या दोन गोष्टींची सांगड घरात कुणी घातली नाही. निदान तोंडानं तरी नाही.

आज मशीन काढलं ते त्यांच्या मनातलं खूळ घालवायला. पण जिना चढून आल्यापासून त्यांना लागलेली धाप काही ओसरत नव्हती, म्हणून मी सेल घातले आणि पट्टा त्यांच्या दंडाला बांधला. एकशे सत्तर. पुन्हा लावलं, एकशे सेहेचाळीस. तिसऱ्यांदा एकशे अठ्ठ्याऐंशी, आणि कोपऱ्यात ते चित्र लुकलुकायला लागलं.

"बघ, सूनबाई. खोटंच आहे." बोलताना त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला.

मी पट्टा सोडून स्वतःच्या दंडाला बांधला. तीनही वेळा दोनचार आकड्यांचा काय तो फरक, आणि चित्र गायब. बाबा माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मीच काहीतरी लबाडी केली.

"दवाखान्यात जाऊ या," मी म्हटलं.

"मला काही झालेलं नाही."

"नसेल झालं तर डॉक्टर तसं सांगतील. चला."

"आणि हे मशीन बरोबर निघालं तर?"

ते कशाला घाबरत होते ते मला तेव्हा कळलं. स्वतःच्या जिवाला तर मुळीच नाही.

डॉक्टर तरुण होते, बोलके. छातीला वायरी लावून काढलेली ठोक्यांच्या आलेखाची पट्टी त्यांनी टेबलावर पसरली. "आजोबा, मशीन अगदी ठणठणीत आहे हो. बिघाड तुमच्या ठोक्यांत आहे. वय झालं, रक्ताचा दाब वाढलेला राहिला, की रक्तवाहिन्या ताठर होतात. उन्हात पडलेला रबरी पाइप कसा कडक होतो, तशा. मग हृदयाला दर ठोक्याला जास्त जोर लावावा लागतो. वरचे कप्पे ताणले जातात आणि एक दिवस त्यांचा ताल सुटतो. ठोकाच एकसारखा नाही, तर आकडा कसा एकसारखा येईल?"

"म्हणजे काटा खरा होता," बाबा म्हणाले.

"सोळा आणे."

"यावर औषध?"

"आहे ना. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून गोळी. नाहीतर गुठळी मेंदूत जाऊन अडकते, माणूस उभ्याउभ्या कोसळतो."

मी डॉक्टरांना डोळ्यांनी खुणावत होते, पण ते खाली मान घालून लिहीत होते.

"ही गोळी दोन वर्षांपूर्वीही होती?"

"होती की. कितीतरी वर्षांपासून आहे."

बाबांनी "बरं" म्हटलं, चिठ्ठी नीट घडी करून खिशात ठेवली आणि डॉक्टरांचे आभार मानले.

औषधांच्या खिडकीशेजारी बाकडं होतं. मी गोळ्या घेऊन आले तर ते बाहीचं बटण लावायचं सोडून बसले होते.

"बाबा, तुम्हाला काय माहीत असणार?"

"ती म्हणाली होती." ते समोर बघत बोलत होते. "छातीत पाखरू अडकल्यासारखं फडफडतंय, म्हणाली. मशीन बरोबरच सांगतंय, म्हणाली. मी म्हटलं, तुला काय कळतं काट्यातलं?"

मला रडू आलं. मी ते दाबून पाकिटातली एक गोळी काढून त्यांच्या हातावर ठेवली. "थांबा, पाणी आणते."

नळ पलीकडच्या टोकाला होता, तिथं गर्दी होती. पेला घेऊन परत आले तेव्हा त्यांचा तळहात रिकामा होता. गोळी त्यांनी कोरडीच गिळली होती. डोळे वाहत होते.

"घशात अडकली," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं आणि पेला पुढे केला.