कुटुंबाची व्याख्या

मास्तरीणबाईंचा 'इत्यादी' या शब्दावर फार जुना राग. शाळेत शिकवत होत्या तेव्हा निबंधात तो कुठे दिसला की लाल रेघ मारायच्या आणि म्हणायच्या, "ज्याला पुढचं सुचत नाही तो इत्यादी लिहितो." पुढे निवडणूक जिंकून त्या सभागृहात गेल्या, मोठमोठ्या लोकांत बसू लागल्या, पण हात मास्तरणीचाच राहिला. जित्याची खोड, दुसरं काय!

मोफत उपचारांचं विधेयक त्याआधी दोनदा बारगळलं होतं. कुटुंबात कोणी आजारी पडलं तर कुठल्याही इस्पितळात सरकारच्या खर्चाने उपचार, एवढी साधी गोष्ट. पण साध्या गोष्टींनाच फाटे फार फुटतात. बाईंनी त्यासाठी जिवाचं रान केलं होतं. विरोधकांच्या घरी जाऊन बसल्या, स्वतःच्या पक्षातल्यांचे टोमणे ऐकले, आणि शेवटी मसुदा समितीसमोर आला तेव्हा भाषा तपासायचं काम साहजिकच त्यांच्याकडे आलं.

मसुद्यात एक वाक्य होतं. 'कुटुंब म्हणजे पती, पत्नी, मुले, आई-वडील इत्यादी.'

"आमच्या वडिलांच्या काळी कुटुंब म्हणजे नुसती बायको," समितीतले सर्वांत वयस्कर सभासद म्हणाले. "एका शब्दात भागत होतं. तुम्ही उगाच गर्दी केलीत." सगळे हसले. बाईही हसल्या आणि हसता हसताच त्यांनी 'इत्यादी'वर रेघ मारून 'आई-वडील'पुढे पूर्णविराम दिला. वाक्य कसं घोटीव झालं! त्यांना बरं वाटलं.

बाईंच्या स्वतःच्या घरात माणसं दोनच, त्या आणि अक्का. आई गेली तेव्हा बाई रांगत होत्या आणि अक्का दोन वेण्या घालून शाळेत जात होती. ती शाळा त्याच आठवड्यात सुटली. लोकांचे कपडे शिवून अक्काने धाकटीला वाढवलं, शिकवलं, आणि स्वतःच्या लग्नाचा विषय कोणी काढला तर शिलाई मशीन जोरात चालवायला घेतलं. आता अक्काची मूत्रपिंडं निकामी झाली होती. एक दिवसाआड डायलिसिस. बाईंची पुंजी त्यात वितळत चालली होती आणि ती संपली की पुढे काय, हे दोघींपैकी कोणीच बोलत नव्हतं. विधेयक अक्कासाठीही होतं, हे मात्र दोघींना ठाऊक होतं.

मतदानाच्या दिवशी सभागृह खच्चून भरलं होतं. चर्चा संपत आली तेव्हा मागच्या बाकावरचा एक सभासद उठला. "माझी विधवा बहीण माझ्या घरी असते. तिला मूलबाळ नाही. ती यात बसते का?"

मंत्र्यांनी व्याख्या वाचली. पुन्हा एकदा वाचली. "नाही," ते म्हणाले. "एकट्यादुकट्यांचा विचार पुढच्या टप्प्यात करू."

बाईंच्या पायांखालची जमीन सरकली. त्या उठायला लागल्या तसे शेजारी बसलेले पक्षाचे प्रतोद हळूच म्हणाले, "बाई, बसा. आज एक अक्षर बदललं तरी विधेयक समितीकडे परत जाईल. मग निवडणूक. मग ह्याला कोण विचारतंय?"

"ती माझी चूक आहे."

"असेल. पण ती निस्तरायला लाखो लोकांना थांबवणार का?"

खरं बोलत होता मेला! बाई बसल्या. हात वर करायची वेळ आली तेव्हा त्यांनी तो वर केला. विधेयक मंजूर झालं. लोकांनी बाकं वाजवली, कोणी त्यांना मिठी मारली, आणि बाईंना रडू आलं ते आनंदाचंच आहे असं सगळ्यांनी गृहीत धरलं.

घरी अक्काने विचारलं, "झालं ना गं?" "झालं," बाई म्हणाल्या. पुढचं सांगायचं त्या दिवशी राहिलं, दुसऱ्या दिवशीही राहिलं. सांगायला जीभ रेटेना.

मग नोंदणी सुरू झाली. डायलिसिसच्या खोलीत परिचारिका एकेका खाटेपाशी थांबून नावं लिहून घेत होती. शेजारच्या खाटेवरचा बसचालक हात जोडून बाईंना म्हणाला, "आता घर विकावं लागणार नाही, ताई." बाईंनी मान खाली घातली.

परिचारिका अक्कापाशी आली. "ह्या ताईंच्या कुटुंबात ना? पती, पत्नी, मुलं, आई-वडील यातलं काय लिहू? आई, होय ना?"

इस्पितळात सगळे त्यांना मायलेकीच समजत. बाईंनी तोंड उघडलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका दाखवलेली ही बाई, ही एक चूक तशीच राहावी म्हणून मनातल्या मनात विनवण्या करत होती.

अक्काने बाईंकडे पाहिलं. तिला काय कळायचं ते कळलं.

"बहीण," अक्का म्हणाली.

परिचारिकेचं पेन थांबलं. "मग नाही हो बसत."

"नाही तर नाही. हिने केलेला कायदा आहे. हिच्याच घरात खोटं नको."

परिचारिका क्षणभर घुटमळली आणि पुढच्या खाटेकडे गेली. बाईंनी अक्काचा मोकळा हात धरला. "मीच खोडलं गं ते. मला वाटलं, तू आहेस त्यात. आई-वडील वाचलं की माझ्या डोळ्यांपुढे तूच येतेस. बहीण म्हणून वेगळं लिहायला हवं, हे सुचलंच नाही मला."

नळीतून अक्काचं रक्त यंत्रात जात होतं आणि परत येत होतं.

"दुरुस्त करता येईल?"

"येईल. करते मी."

"लवकर कर, बारके," अक्का म्हणाली. "मला मरायची फार भीती वाटते गं."