फळीवरचं शून्य

सात गोळ्या होत्या. सुईच्या टोकाने बेअरिंगचं झाकण उचकटलं की आत, काळ्या पडलेल्या वंगणात, सात पोलादी गोळ्या, मिऱ्याच्या दाण्याहून किंचित लहान. एका चाकात अशी दोन बेअरिंगं, चाकं चार. सात बेअरिंगं तिने एव्हाना स्पिरिटने पुसून, भिंगाखाली फिरवून, जुन्या वर्तमानपत्रावर ओळीने मांडली होती. हे आठवं. म्हणजे सगळ्या मिळून छप्पन्न गोळ्या, आणि त्यांतल्या एकीवर तरी ओरखडा सापडायला हवा होता. एखादी चपटी, एखादी गंजलेली... काल संध्याकाळी स्केटबोर्ड पायाखाली एकाएकी अडला होता, ती तशीच पुढे गेली होती आणि तळहातांवर आपटली होती. बोर्ड अडायला काही कारण असतंच. चाकात खडा जातो, गोळी झिजते. नाहीतर मग —

तिने आठवं बेअरिंग उजेडात धरलं. सातही गोळ्या गोल, चकचकीत, निर्दोष. तिला त्यांचा राग आला.

“सापडलं?” खिडकीजवळच्या चाकांच्या खुर्चीतून बाबांनी विचारलं. बाबांचे शब्द आता एकमेकांना चिकटून येत. घरच्यांनाच ते सोडवता येत.

“नाही. सगळी चांगली आहेत.”

“मग पडतेस कशाला?” बाबा हसले, आणि हसू थांबल्यावरही त्यांची मान हलत राहिली. “या घरात पडायचं खातं माझ्याकडे आहे. माझ्या खात्यात ढवळाढवळ नको.”

“पडा, दोघंही पडा,” आई स्वयंपाकघरातून म्हणाली. “मी आहेच उचलायला. बत्तीस वर्षांची घोडी झाली नि फळीवर नाचतेय! एवढ्या वर्षांत नाही सुचलं ते.”

त्या धाकटीचं खूळ हिच्या डोक्यात शिरलं, असं आई शेजारपाजारी सांगे. तिने ते खोडून काढलं नव्हतं. खूळ म्हणून खपत होतं तोवर बरं होतं.

बाबांचं काचेचं दुकान होतं. तसबिरींच्या, कपाटांच्या, खिडक्यांच्या काचा ते कापत. फूटपट्टी न लावता नुसत्या हाताने रेघ मारत, आणि काच त्या रेघेवर टक्कन तुटे. तो ‘टक्’ तिच्या लहानपणाचा आवाज होता. मग एका वर्षी रेघ वाकडी जायला लागली. बाबांनी काचकापणीचं हत्यार बदललं. मग टेबलाचे पाय तपासले, एका पायाखाली पुठ्ठा घातला. मग चष्मा केला. मग काचेलाच नावं ठेवली — हल्ली मालच भंगार येतो. होतं असं, शेजारचा चांभार म्हणाला, वय झालं की होतं. बाबा तेव्हा एकेचाळीस वर्षांचे होते. गिऱ्हाईकं बोलता बोलता हळूच पुढे वाकून त्यांच्या तोंडाचा वास घ्यायची. तोंडाला कसलाच वास नव्हता आणि तरी ती खात्री पटल्यासारखी परत जायची.

तिने बेअरिंग चाकात दाबून बसवलं. हत्यार बदललं, पुठ्ठा घातला... आणि मी इथे सकाळी सकाळी गोळ्या मोजत बसलेय.

डॉक्टरीणबाईंनी बाबांना दवाखान्याच्या बोळातल्या फरशीच्या रेघेवरून चालायला लावलं होतं, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून. मग त्या रोगाचं नाव कळलं. डोक्याच्या मागच्या बाजूचा, तोल सांभाळणारा लहान मेंदू हळूहळू झिजतो. बापाकडून किंवा आईकडून मुलांत उतरतो. आणि मुलांना कधीकधी आईबापांपेक्षा कमी वयात गाठतो. “मुलींना?” आईने विचारलं होतं. “प्रत्येकीला निम्मी शक्यता,” बाई म्हणाल्या होत्या. “नाणं उडवल्यासारखं. आणि प्रत्येकीचं नाणं वेगळं. एकीला आला म्हणून दुसरी सुटली, असं नसतं.” तिने तेव्हा समजूतदारपणे मान हलवली होती. ती विज्ञान शिकत होती; स्वतंत्र घटना म्हणजे काय, हे तिला चांगलं माहीत होतं. रक्ताची एक कुपी दिली की कळतं, असंही बाई म्हणाल्या होत्या. तेरा वर्षं झाली, कुपी दिलेली नव्हती. धाकट्या ठमीने तर हातच जोडले होते — “मला नाही जाणून घ्यायचं. आणि ताई, तूही नको देऊस रक्त. तू दिलंस तर तुझं तोंड बघून मला कळेल, मग मला माझंही कळावंसं वाटेल, आणि मग संपलंच.”

ती नोकरीला होती तिथल्या वजनकाट्यांच्या खोलीत पंखा नसतो. श्वाससुद्धा बेताने सोडायचा. औषधांच्या कारखान्यांतून, प्रयोगशाळांतून आलेले काटे तिथे तपासणीसाठी मांडून ठेवलेले असतात आणि ती चिमट्याने प्रमाणवजनं उचलून त्यांवर ठेवते, आकडा लिहिते, वजन उचलते, काटा शून्यावर येतो का पाहते, पुन्हा ठेवते. काटे दोन तऱ्हांनी चुकतात. एक चूक विखुरलेली असते: कधी थोडं जास्त, कधी थोडं कमी, आणि सरासरी जागच्या जागी. ती माफ. दुसऱ्या चुकीत शून्यच सरकत जातं — रोज केसभर, रोज त्याच बाजूला. त्या काट्यावर ती लाल चिठ्ठी लावते.

स्केटबोर्डची कल्पना याच खोलीत सुचली होती. जिन्यात पाय चुकतो, कप निसटतो, शब्द अडतो. पण हे सगळ्यांचंच होतं, लहानपणापासून होत आलंय, त्यावरून काय कळणार? त्यापेक्षा शरीराने कधीच न केलेली एखादी गोष्ट घ्यावी. कोऱ्या शून्यापासून सुरुवात करावी. शिकणाऱ्याची रेघ वर चढायला हवी. जिथे ती विनाकारण वाकेल, तिथे... आणि ठमी तर लहानपणापासून बोर्डावरच वाढलेली. गुरू घरातच होता.

रेघ चढली होतीही. आधी गवतावर नुसतं उभं राहणं. मग एका पायाने रेटत सरळ जाणं. मग शेपटीवर, म्हणजे बोर्डाच्या मागच्या टोकावर, भार देऊन पुढची चाकं उचलायची आणि बोर्ड वळवायचा, डावीकडे, उजवीकडे, बदकाच्या चालीने. हे सगळं आलं. मग आली ऑली, म्हणजे बोर्डासकट उडी. आणि तिथे गाडी जी अडली ती अडलीच.

चिमट्यातून वजन निसटलं. टेबलावर ‘टण्’ वाजलं आणि गडगडत कडेला जाऊन थांबलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

“होतं गं,” पलीकडच्या टेबलावरची सहकारीण म्हणाली. तिचं लक्ष हिच्या खरचटलेल्या तळहातांकडे गेलं. “हे काय, नवरा नाही तरी मारामारी?”

“फळीवरून पडले.”

“मग त्या हातांनी वजनं निसटणारच की. रजा टाक.”

होतं गं... तिने चिमटा खाली ठेवला आणि हात पुढे धरून बोटांकडे बघत राहिली. बोटं थरथरत होती की बघत राहिल्यामुळे थरथरत होती, हे ठरवता येईना. बघणाऱ्याचा श्वास लागला तरी काटा हलतो.

संध्याकाळी, बंद पडलेल्या फर्निचरच्या गोदामामागे, ठमी कठड्यावर पाय हलवत बसली होती. तिथलं काँक्रीट गुळगुळीत होतं आणि कुणी हटकत नसे. ठमी सव्वीस वर्षांची, दातांच्या डॉक्टरकडे कामाला; दिवसभर दुसऱ्यांना ‘आ करा’ सांगून तिच्या आवाजाला एक कायमचा हुकमी सूर आला होता.

“चला ताईसाहेब. बेअरिंगं धुतलीत म्हणे. आई फोनवर म्हणाली, देव घासावेत तशी घासत बसली होती.”

“अडत होता बोर्ड.”

“बोर्ड नाही अडत, तू अडतेस. वर उडायच्या आधी खाली बघतेस. काल काय केलंस? शेपटी आपटलीस, आणि मग विचार केलास. विचार मध्ये घालायचाच नाही. मागच्या पायाने शेपटी आपट, आणि पुढचा पाय कडेवर घासत वर ने. काडेपेटीवर काडी ओढतो ना, तस्सा.”

“काडी ओढतेच आहे. पेटत नाही.”

“ओली आहेस. वाळ जरा.”

ती हसली. बोर्डावर उभी राहिली. फळीवर चिकटवलेल्या खरखरीत कागदाचा बुटांना लागणारा घट्टपणा... गुडघे वाकवले. शेपटी आपटली, बोर्ड वाकडा उडाला आणि नडगीवर बसला. पुन्हा. बोर्ड पुढे पळाला, ती मागे बसली. पुन्हा. मी पडले, मी का पडले? उजवा पाय उशिरा उचलला म्हणून. उशिरा का? न शिकल्यामुळे उशिरा, की आज्ञाच उशिरा पोचली? प्रत्येक पडण्याला दोन बाप होते आणि कुठल्याही पडण्याच्या तोंडवळ्यावरून त्याचा बाप ओळखू येत नव्हता.

आणि मग, ठमी कुणाच्यातरी अक्कलदाढेची गोष्ट सांगत असताना, अर्धं लक्ष तिकडे असताना, पाय आपटला, घासला, आणि खाली काहीच नव्हतं. आवाज थांबला होता. मग चारही चाकं एकदम टेकली — ‘टक्’ — आणि ती उभी होती. बोर्डावर. उभीच.

“आली!” ठमी किंचाळली. “आली, आली, आली! बाई गं, बत्तिसाव्या वर्षी!”

ती ओरडलीसुद्धा नाही. छातीत काहीतरी इतकं वर उसळलं की तिला खाली बसावं लागलं. आली. म्हणजे मी बरी आहे. पाय ऐकतात, वेळेवर ऐकतात, शून्य जागेवर आहे... आणि हे वाक्य पुरं व्हायच्या आतच तिच्यातल्या पंखा नसलेल्या खोलीने ते हातात घेऊन उलटंपालटं करून पाहिलं. शिकणं वर नेतं, झिजणं खाली आणतं. हाती लागतो तो दोघांचा मिळून एक आकडा. आज वर गेला तो शिकण्याने. झीज नाही असं त्यातून निघत नाही. ती हळू आहे एवढंच, फार तर. आधीचं माप कुठे होतं? अनोळखी काट्यावर अनोळखी वजन ठेवून ती महिनाभर आकडे वाचत होती. पहिल्या आठवड्यातल्या शिकाऊ पोरानेही केली नसती अशी चूक. केली, कारण रक्ताची कुपी लाल होती आणि फळी लाकडी.

“रडतेस काय?” ठमी येऊन शेजारी टेकली.

“तुला माहीत होतं? मी हे कशासाठी...”

“मला काय दूधपितं पोर समजलीस?” ठमी काँक्रीटवर नखाने रेघ ओढत होती. “पहिल्याच दिवशी कळलं. तू पडलीस की गुडघ्याकडे नाही बघायचीस, पायाकडे बघायचीस. बाबा बघायचे तसं.”

“मग शिकवलंस कशाला?”

“मीपण बघत होते ना तुझ्याकडे.” तिने नखातली धूळ झटकली. “म्हटलं, ताईला जमलं तर...”

वाक्य तिने तिथेच सोडलं. पुढचं दोघींनाही पाठ होतं. त्यात गणिताची चूक होती हेही दोघींना माहीत होतं. आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं की या महिनाभरात ठमी एकदाही बोर्डावर चढली नव्हती. कठड्यावर बसून बोलत होती, हसत होती, हुकूम सोडत होती. गुडघा धरलाय, म्हणाली होती. कधी म्हणाली होती? मी विचारलंच नव्हतं. मी माझ्याच पायांकडे बघत होते.

“ठमे, तू करून दाखव ना एक. ऑली.”

“नको.”

“गुडघा?”

ठमी उठली. खिशातून खडूचा तुकडा काढला. कधीपासून होता तो खिशात, कोण जाणे. वाकून तिने गोदामाच्या भिंतीपासून कठड्यापर्यंत एक लांब पांढरी रेघ मारली. चपला काढल्या.

“डॉक्टरीणबाईंनी बाबांना चालवलं होतं तसं,” ती म्हणाली. आवाजातला हुकमी सूर गेला होता. “डोळे मिटून. घरी नाही करून बघता येत, आई असते. तू शेवटी उभी राहा. आणि ताई... खोटं नाही सांगायचं. ‘होतं गं’ नाही म्हणायचं.”

“ठमे, डोळे मिटून कुणीच सरळ...”

“तू उभी राहा.”

ती कठड्यापाशी जाऊन उभी राहिली. ठमी भिंतीपाशी. हात छातीशी बांधलेले, डोळे मिटलेले, केस कपाळावर आलेले. लहानपणी लपंडावात राज्य आलं की ती अशीच उभी राहायची, आणि बोटांच्या फटीतून बघायची. आता बघत नव्हती. टाचेला अंगठा, टाचेला अंगठा. सरळ येत होती. सरळ येत होती... मग डावं पाऊल हवेत क्षणभर घुटमळलं, जागा शोधल्यासारखं, आणि खडूच्या बाहेर पडलं.

त्याच क्षणी तिच्या आत, बरगड्यांखाली, काहीतरी सैल झालं. श्वास मोकळा सुटला. हलकं वाटलं. नाणी वेगवेगळी आहेत — हे वाक्य तिने झटकन पुढे केलं, पण ते उशिरा पोचलं. हलकेपणा आधीच येऊन बसला होता. तो आपलाच होता.

“उघडू डोळे?” ठमीने विचारलं. ती जागीच उभी होती, चेहरा किंचित वर, जत्रेत हात सुटलेल्या पोरासारखा.

“थांब. हलू नकोस.”

तिने पिशवीतून टेप काढली, गुडघे टेकून बसली आणि खडूच्या रेघेपासून ठमीच्या टाचेच्या आतल्या कडेपर्यंतचं अंतर मोजलं. टेप दोनदा निसटली. तिसऱ्यांदा तिने ती अंगठ्याने दाबून धरली.

“सांग,” ठमी म्हणाली.

“नऊ सेंटिमीटर.”