ओढेल

"ट्रॅक्टर आणि अवजार यांची जोडी जमवणं ही विद्या आहे, आणि या भूतलावर ती फक्त मला येते. नुसता इंजिनाचा आवाज ऐकून सांगतो, मागे किती तव्यांचा हॅरो झेपेल," असे जाहीर करून मिस्त्रीने समोरच्या ट्रॅक्टरला कान लावला. ट्रॅक्टर बंद होता.

बाकावरचे दोघे पूर्वी अशा वेळी खो-खो हसत. गेल्या महिन्यापासून ते चहाच्या कपात बघू लागले होते. मिस्त्रीने मात्र फुशारकी सोडली नव्हती. बढाया मारणारा माणूस एकाएकी गप्प झाला, की लोक कारण शोधायला लागतात.

कारण गॅरेजच्या आवारातच उभे होते. पंचवीस हॉर्सपॉवरचा, तीस वर्षांचा म्हातारा ट्रॅक्टर आणि त्याच्या शेजारी ढेकळे फोडायचा, चौदा लोखंडी तव्यांचा हॅरो. मालकाला सगळे 'सावकाश' म्हणत, कारण रिकाम्या रस्त्यावरही तो हात दाखवून वळायचा. हा हॅरो त्याला जुन्यात मिळाला, तेव्हा त्याने मिस्त्रीला विचारले होते, आपला गडी हा ओढेल का? मिस्त्रीने तोंडातली बिडीही न काढता सांगितले, ओढेल.

आणि ओढला. त्यात मिस्त्री तसूभरही चुकला नव्हता. पण असा हॅरो नुसता ओढायचा नसतो, शेताबाहेर काढताना मागे उचलूनही धरायचा असतो. चौदा तव्यांचे धूड मागे लटकले, पुढची चाके हलकी झाली, आणि रस्त्याच्या चढावर ट्रॅक्टर पुढून उठला तो मागे उलथला. सावकाश त्याखाली सापडून जिवानिशी गेला. पंचनाम्यात लिहिले गेले: चालकाचा निष्काळजीपणा. त्या माणसाने जन्मात कधी निष्काळजीपणे दाढीसुद्धा केली नव्हती.

त्या सकाळी सावकाशची बायको आली. बाकावरच्या दोघांना एकदम आपापली कामे आठवली. तिने फार काही सांगितले नाही. पेरणीआधी रान तयार व्हायला हवे, ट्रॅक्टर ती स्वतः चालवणार, तेव्हा हॅरो ट्रॅक्टरच्या बेताचा करून द्यावा. मिस्त्रीने दुसरा ड्रायव्हर बघतो म्हणून पाहिले. ती म्हणाली, बघायला नको, मी शिकलेय. आणि उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसून राहिली.

मिस्त्री कामाला लागला. दोन्ही रांगांतले दोन-दोन तवे काढले. दांडे कापले, चौकट कापली, पुन्हा जोडली. ट्रॅक्टरच्या नाकावर लोखंडी वजने बांधली. मग हॅरो जोडून वर उचलला आणि पुढची चाके जमिनीला घट्ट आहेत ना, हे वाकून पाहिले. एकदा, दोनदा, चारदा. एवढे वाकून त्याने आयुष्यात देवळातही पाहिले नसेल.

वाकलेलाच असताना तो बोलला. उभे राहून बोलणे त्याला जमले नसते.

"वहिनी, त्याने मला विचारलं होतं. ओढेल का म्हणाला. मी ओढेल म्हणालो. उचलेल का, ते त्याने विचारलं नाही. पण मी सांगायला पाहिजे होतं."

"माहितीये मला," ती म्हणाली. "घरी आल्या आल्या सांगितलं त्यांनी. मिस्त्री ओढेल म्हणालाय, आता काळजी नाही."

मिस्त्री पुढच्या चाकाकडे बघत राहिला. चाक जागेवरच होते.

"मग पंचनाम्याच्या वेळी सांगितलं का नाही? त्याच्या नावावर निष्काळजीपणा लागला."

"सांगितलं असतं, तर तुम्हाला नेलं असतं." तिने पदराने डब्यावरची धूळ झटकली, जणू डबा परत करायचा होता. "मग हा कापून कुणी दिला असता? तुमच्याशिवाय हे काम येतं कुणाला?"

हे वाक्य मिस्त्रीने स्वतः हजारदा म्हटले होते. दुसऱ्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले. तो हात पुसू लागला आणि स्वच्छ झाल्यावरही पुसत राहिला. पंचनामा बदलून घेऊ, मी येतो, मी लिहून देतो, असे काहीसे तो म्हणाला. ती पुढे झाली. ट्रॅक्टरवर चढली, स्टिअरिंग धरले, पाय लांब करून क्लच चाचपला.

"मिस्त्री," ती म्हणाली, "तेवढी सीट जरा पुढे घ्या. पाय पोचत नाहीत."