पट्ट्याची पाठ

दारव्ह्यात रामीबाईची पिठाची गिरणी आहे आणि रस्त्याच्या पल्याड, बरोबर समोर, शहजादचं गॅरेज. मधे फार तर पंधरा पावलं. या पंधरा पावलांत तिनं दोन महिन्यांत जितक्या चकरा मारल्या तितक्या जन्मात माहेरी मारल्या नसतील. आणि वरून म्हणायची काय, तर मले त्या गाडीचं काही देणंघेणं नाही.

गाडी म्हणजे तिच्या नवऱ्यानं, गुलाबसिंगनं आणलेली घरगाडी. मूळची जुनी मिनीबस. चाळीस वर्षांपूर्वी नागपूरच्या कोण्या हौशी डॉक्टरानं तिच्यात दोन पलंग, ओटा, पाण्याची टाकी, खिडक्यांना पडदे असं सगळं बसवून घेतलं होतं. डॉक्टर वारला, गाडी त्याच्या आवारात उभी राहिली आणि एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेल्या गुलाबसिंगच्या नजरेस पडली. चौतीस वर्षं या माणसानं तिकिटं फाडली, शेवटच्या स्टॉपवर उतरला, चहा प्याला आणि त्याच गाडीनं परत आला. आता त्याला शेवटच्या स्टॉपच्या पुढं काय असतं ते पाहायचं होतं. एकट्यानं नव्हे, बायकोला घेऊन.

रामीबाई नाही म्हणाली नाही. ती पक्की. तिनं अट घातली. संक्रांतीपर्यंत गाडीनं तिला बसवून यवतमाळच्या वाटेवरचा चढ एका दमात चढून दाखवायचा. चढली तर महिनाभर नेशील तिथं येते. नाही चढली तर गाडी भंगारात, आणि फिरण्याचा विषय पुन्हा घरात काढायचा नाही. गुलाबसिंगनं लगेच मान डोलावली. ते डबडं काही चढत नाही याची तिला खात्री होती.

खरं कारण तिनं कोणाजवळ काढलं नव्हतं. एकतीस वर्षांत तिची गिरणी लागोपाठ दोन दिवस बंद राहिली नव्हती. पलीकडच्या गल्लीत आता नवी गिरणी निघाली होती, चकचकीत फरशीची. महिनाभर आपण नसलो आणि कोणाचं काही अडलंच नाही तर?

तर गाडीचं दुखणं होतं पट्ट्याचं. इंजिनाच्या तोंडाशी दोन अरुंद पट्टे. एक पाण्याचा पंप आणि त्याच्याच दांड्यावरचा पंखा फिरवायचा, दुसरा डायनामो. त्या मापाचे पट्टे आता मिळेनात. जवळपासच्या मापाचे लावले की दहा-पंधरा किलोमीटरवर तुटून पडायचे. शहजादनं ठरवलं, दोन्ही काढून फेकायचे आणि नव्या गाड्यांना असतो तसा एकच रुंद पट्टा सगळ्या पुल्यांवरून नागमोडी फिरवायचा. हा पट्टा आतून बारीक धारांचा, पाठीकडून गुळगुळीत. त्यासाठी त्यानं लेथवर नव्या पुल्या करून घेतल्या, ताण धरायला एक जास्तीची पुली बसवली.

रामीबाई पाहायला जायची. पहिल्या दिवशी म्हणे पीठ द्यायला आली. दुसऱ्या दिवशी सुई मागायला. गॅरेजात सुई! मग बहाणे संपले आणि ती सरळ स्टुलावर बसून विचारू लागली. धारा कायले? एकच पट्टा तुटला तर सगळंच बंद पडन ना? ढिला पडला हे कळते कसं? शहजाद आधी हसला, मग वैतागला, मग निमूट उत्तरं देऊ लागला. एकदा तर तिनं पदराच्या गाठीची सुतळी काढली, या पुलीवरून त्या पुलीवर ताणून धरली आणि तिसरी पुली सूतभर बाहेर आहे म्हणून सांगितलं. शहजादनं मोजून पाहिलं. होती.

पौष लागला तसं काम उरकलं. इंजिन सुरू केलं तर आवाज असा नरम की गुलाबसिंगनं गल्लीत पेढे वाटले. पण पाऊण तासात उष्णतेचा काटा लाल रेघेवर, आणि झाकणातून वाफ. शहजादनं तोंडाशी असलेली रेडिएटरची जाळी धुतली. पाण्याचा व्हॉल्व्ह काढून टाकला. पाणी बदललं, पुन्हा बदललं. तीन दिवस हाच खेळ. गाडी उभ्या जागी तापायची, मग चढ काय चढणार? संक्रांत दोन दिवसांवर आली तेव्हा शहजादनं हात पुसले आणि चाचा, माफ करा म्हणाला. गुलाबसिंग गाडीच्या पायरीवर बसून राहिला. भांडला नाही, चिडला नाही. भंगारवाल्याला परवा बोलावतो, एवढंच त्यानं बायकोला सांगितलं.

झालं. रामीबाई जिंकली. तिनं गिरणीत येऊन कोणाची तरी ज्वारी दळायला टाकली आणि तिथंच तिची पंचाईत झाली. पट्टा फिरतो, पंप फिरतो, पाणी भरलेलं आहे, मग तापतं कशानं? जिंकल्याचा आनंद राहिला बाजूला, हा प्रश्न काही डोक्यातून हालेना. ज्वारी दोनदा दळली गेली, पार मैदा झाला. तिनं मोटार बंद केली आणि पिठानं माखलेली तशीच रस्ता ओलांडून गेली. एकदा चालू कर, म्हणाली.

शहजादनं कंटाळून चालू केली. रामीबाई गाडीच्या तोंडासमोर, जाळीपुढं उभी राहिली. आणि तिच्या लुगड्यावरचं पीठ भुरभुर उडून तिच्याच नाकातोंडात गेलं.

ती शिंकली आणि जागीच थिजली. असं एकदा तिच्या गिरणीत झालं होतं. तेव्हा डिझेल इंजिन होतं. जागा बदलताना ते उलट्या अंगाला बसवलं, आणि दगड उलटा फिरू लागला. फिरत होता मस्त, पण दगडाच्या खाचा एकाच दिशेसाठी खोदलेल्या असतात. पीठ बाहेर पडेना, आतल्या आत घासून तापायचं, हात लावला तर चटका. दिवसभर मिस्त्री चक्रावले. शेवटी तिनंच पट्ट्याला मधे पीळ देऊन तो फुलीसारखा चढवला, दगड सुलटा फिरला आणि पीठ थंड पडू लागलं.

आता तिला सगळं दिसत होतं. गुलाबसिंग मागं पायरीवर बसलेला, पाठमोरा. तोंड बंद ठेवून पंधरा पावलं चालायची, की गिरणी तिची, दारव्हा तिचं. कोणाला कळणारही नव्हतं. तिनं वळून एक पाऊल टाकलं सुद्धा. मग स्वतःवरच चिडली आणि परत फिरली.

"शहजाद, पंखा हवा आत ओढते का बाहेर फेकते?"

"आत ओढते, मावशी. जाळीतून आत गेली पाह्यजे."

"मंग माह्या अंगावरचं पीठ माह्याच तोंडावर काहून येऊन राह्यलं?"

शहजादनं जाळीपुढं हात धरला. मग वाकून पट्ट्याची वाट पाहिली आणि कपाळावर हात मारून घेतला. वाट त्यानं मोबाईलवरच्या एका नव्या इंजिनाच्या फोटोवरून घेतली होती. त्या इंजिनाचा पंप पट्ट्याच्या पाठीनं फिरण्यासाठीच बनवलेला. या म्हाताऱ्या पंपावरही त्यानं पट्ट्याची गुळगुळीत पाठच टेकवली होती, म्हणून पंप आणि पंखा दोन्ही उलटे फिरत होते. पाणी पुढं सरकत नव्हतं, हवा बाहेर जात होती. त्यानं त्याच दुपारी यवतमाळहून लांब पट्टा आणला, आणखी एक पुली घातली आणि धारांची बाजू पंपावर घेतली. गाडी दोन तास उभी चालली. काटा मधे होता तो मधेच राहिला.

संक्रांतीच्या सकाळी चढ सुरू झाला तेव्हा रामीबाईनं झाडं पाहिली नाहीत की रस्ता पाहिला नाही, नुसता काटा पाहिला. वर पोचल्यावर गुलाबसिंगनं गाडी कडेला घेतली. त्याचे डोळे भरून आले होते, पण कंडक्टर माणूस, आधी हिशोबाचंच बोलणार.

"पंख्याचं बोलली त यावं लागन, हे तुले माहीत होतं ना?"

"होतं."

"मंग बोलली काहून?"

"उलटं फिरतं चाक मले पाह्यल्या जात नाही," रामीबाई म्हणाली. मग पुडी सोडून त्याच्यापुढं धरली. "आन् तिळगूळ खा, कवाचा पुडीत बांधून आणला."

चौथ्या दिवशी निघायचं ठरलं. त्या सकाळी शेजारची इंदूबाई गव्हाचा डबा घेऊन आली तर रामीबाई मोटारीजवळ वाकलेली. तिनं गिरणीचा पट्टा पुलीवरून सोडवला, पिठानं पांढरी झालेली त्याची पाठ पदरानं पुसली आणि खुंटीवर टांगला. इंदूबाईनं एकतीस वर्षांत गिरणीचा पट्टा असा खुंटीवर टांगलेला पाहिला नव्हता. तिनं घाबरून विचारलं, गिरणी विकली का?

"नाही वं. महिनाभर चालली फिराले. पट्टा चढवून ठेवला त उगाच ताणून राह्यते."

इंदूबाईनं डब्याकडं पाहिलं. पलीकडच्या गल्लीकडं पाहिलं. रामीबाईनं ते पाहिलं. रस्त्यापलीकडून गुलाबसिंगनं कंडक्टरच्या सवयीनं दोनदा शिट्टी फुंकली. तिनं कुलूप लावलं आणि चावी कमरेला खोचली.

"दळून घे जा तिकडं," ती इंदूबाईला म्हणाली, "आन् पीठ कसं येते, मी आल्यावर मले सांग."