भैरूचं धनुष्य

रविवारी दुपारी मला कोणी काही विचारू नये असं वाटतं. आठवडाभर बँकेत लोकांच्या चुका शोधायच्या, त्या कोणी मान्य करायच्या नाहीत आणि मग त्यावर बैठका घ्यायच्या, हे माझं काम. त्यातून उरलेला प्रबोध रविवारी सिंगापुरात, आंग मो किओ भागातल्या आपल्या फ्लॅटमध्ये टेबल पुसून फासे मांडतो. निशिकांत आणि क्षिप्रा, हे माझे जुने मित्र नवराबायको, चारच्या सुमाराला येतात. मी गोष्ट सांगायची आणि राक्षस चालवायचे. त्यांनी आपापलं पात्र घेऊन, फासे टाकत, त्यातून वाट काढायची. चाळिशी उलटलेली माणसं असलं काही करतात हे मी ऑफिसात बोलत नाही.

क्षिप्राच्या चेटकिणीचं नाव सुलोचना, निशिकांतच्या तिरंदाजाचं भैरू. ही नावं ऐकून मी तेव्हाच कपाळाला हात लावला होता. पण भैरू जबरदस्त निघाला. साधं धनुष्य कोणीही ओढू शकतं, पण त्यात आपली ताकद बाणात उतरत नाही. म्हणून भैरूने स्वतःच्या दंडाच्या मापाचं, जड धनुष्य बनवून घेतलं. त्याचा बाण लागला की समोरचा आडवाच. एकच अट होती. ओढणारा त्या धनुष्याला पुरा पडला नाही, तर नेम बिघडतो. फाशावर जे येईल त्यातून दोन वजा.

ही अट आमच्यात कधी निघालीच नव्हती, कारण भैरू कधी कमी पडला नव्हता. निशिकांतही नव्हता. ईस्ट कोस्टच्या समुद्रकाठी सायकल चालवताना तो माझ्या इतका पुढे असायचा की थांबून नारळपाणी पिऊन घ्यायचा. गेल्या वर्षी त्याच्या हातांतली शक्ती जायला लागली. स्नायूंचा आजार आहे, नाव लांबलचक आहे, आणि औषध नाही. हल्ली ते दोघं एमआरटीच्या मेट्रोऐवजी टॅक्सीने येतात आणि त्यावर कोणी काही बोलत नाही.

आणि नेमक्या माझ्या गोष्टीत, गुहेमध्ये, ताकद शोषून घेणाऱ्या सावल्या होत्या. त्या मी आजाराच्या आधीच रचून ठेवल्या होत्या. भैरूला त्यांनी गाठलं आणि त्याची ताकद निम्म्यावर आली. दुसऱ्या दिवशी क्षिप्राचा फोन आला.

"प्रबोध, ते दोन वजा नको ना करूस. घरी तो फक्त रविवारची वाट बघतो रे."

मी बरं म्हटलं. निशिकांतने वीस बाजूंचा फासा टाकून आकडा सांगायचा, वजाबाकी मी मनात करायची आणि लागला की हुकला ते सांगायचं, ही आमची पद्धत. तेव्हा वजाबाकी न करणं सोपंच होतं. दुसऱ्यांची असली लबाडी पकडायचा मी पगार घेतो. पण खरं सांगतो, मी दमलो होतो, आणि त्याला हुकला म्हणण्यापेक्षा लागला म्हणणं कमी दमवणारं होतं. भैरू सावल्या पाडत राहिला.

मग एका रविवारी इंडोनेशियातल्या वणव्यांच्या धुरामुळे खिडक्या बंद होत्या. शेवटची मोठी सावली सुलोचनेवर झेपावली. सुलोचनेत जेमतेम धुगधुगी होती. भैरूचा बाण लागला तर ती वाचणार, नाहीतर संपली. निशिकांतने फासा उचलला आणि टाकलाच नाही.

"प्रबोध, या वेळी दोन वजा कर," तो म्हणाला.

"करतोच की."

"नाही करत. सावलीने पकडलं तेव्हापासून एकदाही केलेले नाहीस. मी दर रविवारी घरी जाऊन हिशेब मांडतो, किती आले की लागतो ते."

क्षिप्रा म्हणाली, "निशी, मीच त्याला सांगितलं होतं."

"माहीत आहे. लोणच्याच्या बरणीचं झाकणही तू आधी सैल करून ठेवतेस, मग मला म्हणतेस, उघड ना जरा. मी उघडतो आणि तू शाबासकी देतेस." त्याचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "ऑफिसात कोणीतरी माझी बॅग उचलतं. लिफ्टचं बटण कोणीतरी दाबतं. माझं काय शिल्लक आहे ते मला कळूच देत नाही तुम्ही. इथे तरी मला हुकू दे."

मला त्याचा राग आला. मग माझाच आला. "टाक," मी म्हटलं.

फासा त्याच्या बोटांतून घरंगळल्यासारखा पडला.

"अठरा," तो म्हणाला.

सावलीला पाडायला सतरा लागत होते. मी क्षिप्राकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

"वजा दोन, सोळा," मी म्हटलं. "हुकला. सुलोचना गेली."

कितीतरी रविवार तिने सांभाळलेली सुलोचना. क्षिप्राने तिचा कागद उलटा करून ठेवला.

"साधं धनुष्य असतं तर?" निशिकांतने विचारलं.

उत्तर क्षिप्राने दिलं.

"साध्याला वजाबाकी नसते. अठराच राहिले असते. वाचले असते मी." ती चिडली नव्हती, फार थकली होती. "कधीपासून वाटतंय तुला सांगावं, ते जड धनुष्य ठेव खाली."

निशिकांतने भैरूचा कागद माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाला, "प्रबोध, लिही. साधं धनुष्य. माझं अक्षर हल्ली लागत नाही."

मी लिहिलं. पुढे खेळण्यात कोणालाच राम वाटेना, म्हणून चहा टाकला. क्षिप्राने थालीपीठांचा डबा काढला आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी. सवयीने तिचा हात झाकणाकडे गेला, ते थोडं फिरलंसुद्धा. मग तिने ते पुन्हा घट्ट बसवलं आणि बरणी निशिकांतसमोर ठेवली.

त्याने बरणी छातीशी धरली. दोन्ही हात लावले. मनगटं थरथरली, झाकण जागचं हललं नाही. आम्ही दोघं बघत होतो आणि या वेळी कोणी दुसरीकडे पाहिलं नाही.

"नाही होत गं," तो म्हणाला, आणि बरणी तिच्यापुढे केली. "उघडून दे."

त्याने तिच्याकडे काही मागितलेलं मी त्या वर्षात प्रथमच ऐकत होतो. क्षिप्राने झाकण उघडलं. तिलाही जोर लावावा लागला.